मंत्रचळ : पाप, वेड की आजार?

१/८
सन १५२२. स्पेनमधील मानरेसा गावी एक माजी सैनिक धर्मगुरूंकडे वारंवार आपल्या पापांची कबुली देत होता. पूर्वीच तीन दिवस खपून, लिहून काढून त्याने संपूर्ण कबुली दिली होती. तरी एखादे पाप सांगावयाचे राहिले असेल, ही शंका त्याची पाठ सोडीना. हा माणूस म्हणजे जेझुइट संघाचा भावी संस्थापक, इग्नेशियस लोयोला.

२/८
यातना एवढ्या वाढल्या की जीव देण्याचे विचार त्याच्या मनात येऊ लागले. धर्मगुरूंनी आज्ञा केली : जुन्यांपैकी अगदी स्पष्ट असेल तेवढेच पाप सांगावे. परंतु त्याला तर प्रत्येकच पाप स्पष्ट वाटे! आज्ञा निष्फळ ठरली.

३/८
अखेर त्यानेच निश्चय केला : गतकाळातील एकही पाप पुन्हा सांगावयाचे नाही. आत्मकथनानुसार तेव्हाच त्याची सुटका झाली. अशा शंकेला चर्चच्या परिभाषेत 'स्क्रूपल' म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, लहानसा टोकदार खडा. वहाणेत शिरलेला खडा जसा पावलागणिक सलतो, तशी ही शंका.

४/८
एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न वैद्यांपुढे आला. फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी १८३८ च्या ग्रंथात 'मादमोझेल एफ.' यांची हकिकत नोंदविली. हिशेबातील चुकीने कोणाचे नुकसान होईल, नाणे हाताळताना काही मौल्यवान बोटांना चिकटून राहील, अशी धास्ती त्यांना वाटे. मात्र ही धास्ती निरर्थक आहे, हे त्या स्वतःच जाणून होत्या. वेड म्हणजे बुद्धिभ्रंश, तर जिची बुद्धी शाबूत आहे तिला काय म्हणावे?

५/८
या पेचावर जर्मन मनोविकारतज्ज्ञ कार्ल वेस्टफाल यांनी १८७७ मध्ये व्याख्या दिली : बुद्धी शाबूत असताना, इच्छेविरुद्ध मनात घुसणारे आणि खुद्द रुग्णालाच परके वाटणारे विचार. निदानाचा पाया येथे घातला गेला.

६/८
पुढे कारणमीमांसा बहरली. पिएर जाने यांनी १९०३ मध्ये मानसिक शक्तीच्या क्षीणतेकडे बोट दाखविले, तर फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये दडपलेल्या भावसंघर्षाकडे. तथापि हात धुणे, तपासणे, मोजणे यांत जखडलेल्या रुग्णांबाबत उपचारकांची निराशा टिकून राहिली.

७/८
१९६६ मध्ये लंडनचे व्हिक्टर मेयर यांनी दोन स्त्रियांवरील उपचार प्रसिद्ध केले. एकीला अस्वच्छतेची भीती, दुसरीला देवनिंदेचे विचार. भीतीला सामोरे जावयाचे, पण भीती शमविणारी कृती करावयाची नाही, ही पद्धत. पहिलीवर परिचारिकांची सतत देखरेख असे. दोघींनाही चांगला गुण आला. त्याच दशकात क्लोमिप्रामिन या औषधाचा उपयोगही दिसू लागला. अमेरिकेत ओसीडीसाठी त्यास १९८९ मध्ये मान्यता मिळाली.

८/८
इग्नेशियसवर आजचे निदान लादणे इतिहासाच्या शिस्तीत बसत नाही. परंतु कबुली असो वा हात धुणे, क्षणभराचा दिलासाच पुढील शंकेला खतपाणी घालतो, हे दोन्ही प्रसंगांतून दिसते. मराठीत या विकारास 'मंत्रचळ' म्हणतात आणि घरोघरी त्याची थट्टाही होते. 'एवढेही कळत नाही का?' असे रुग्णाला विचारले जाते. त्याला ते कळत असते, हे वैद्यकाने १८३८ मध्येच नोंदवून ठेवले आहे.