पोथीआधीची प्रार्थना

कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांविषयी एक समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे 'शनवार तेली' आपली प्रार्थना पार विसरले होते. कोचीनचे गुरू आणि पुढे मिशनरी आले, तेव्हा कुठे ती त्यांना मिळाली. अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, सावेडीत राहून हे मत ऐकू येते यात नवल नाही. ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली याच नगरात 'ज्ञानोदय' सुरू केला, त्याच मिशनच्या मुंबई-कोकणातल्या शाळांत बेने इस्रायली शिक्षक होते. बायबल मराठीत आले म्हणून त्यांना अब्राहाम आठवला, ही मांडणी इथे सहज पटते. माझ्या मते ती चुकीची आहे.

तिच्यात खरे आहे ते आधी मान्य करू. त्यांच्याकडे तोराची गुंडाळी नव्हती, हिब्रू ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. उरली होती ती 'शमा', देव एकच असल्याची ग्वाही. सुंता असो, लग्न असो, मयत असो, तीच म्हटली जाई. सामुदायिक उपासनेची घडी कोचीनकरांच्या मदतीने बसली; सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग उभारले ते १७९६ मध्ये.

पण यावरून काढलेला निष्कर्ष एका गृहीतावर उभा आहे: पोथी नाही तर प्रार्थना नाही. यहुदी परंपरेलाच हे मान्य नाही. तालमूदच्या 'बराखोत' ग्रंथात यावर वाद आहे. रब्बी योसे बर हनीना म्हणतात, रोजच्या प्रार्थना पूर्वजांनी घालून दिल्या. सकाळची अब्राहामाने, दुपारनंतरची इसहाकाने, रात्रीची याकोबाने. रब्बी यहोशुआ बेन लेवी म्हणतात, त्या यरुशलेमच्या मंदिरातल्या नित्य बळींवरून ठरल्या. तालमूद पहिले मत मोडीत काढत नाही. प्रार्थना पूर्वजांच्या, त्यांना बळींचा आधार पंडितांनी दिला, अशी सांगड त्यात सुचवली आहे. आधाराची वचने पाहा. अब्राहाम पहाटे उठून पूर्वी परमेश्वरापुढे उभा राहिला होता त्या जागी जातो, इसहाक सांजवेळी शेतात मनन करायला निघतो, याकोबाला वाटेतच सूर्य मावळतो. हा इतिहासाचा पुरावा नव्हे, तालमूदने लावलेला अर्थ आहे. पण त्या अर्थात कोणाच्याही हाती पोथी नाही. वर्षभराच्या प्रार्थनांचा पहिला सलग क्रम राव अमराम गाओन यांनी बॅबिलोनियात लिहून दिला तो नवव्या शतकात. पोथीचाच निकष लावला तर त्याआधीचे सगळे यहुदी प्रार्थनाहीन ठरतील.

जाणकार इथे अडवतील: बराखोतमधला तो वाद 'अमीदा' या उभ्याने करायच्या प्रार्थनेविषयी आहे, शमा हे वेगळे कर्तव्य. बरोबर. कोकणात अमीदा चालू होती असे मी म्हणत नाही. मलिदा या त्यांच्या आभारविधीतले हिब्रू पाठही मी पुराव्यात धरत नाही, ते पुस्तकांबरोबर आले असणार. प्रश्न पूर्वजांशी असलेला धागा तुटला होता का, एवढाच आहे. आणि तिथे शमाच साक्षीला येते. 'पेसाहीम' ग्रंथातल्या कथेत याकोब मृत्युशय्येवर आहे, आपल्या मुलांत कोणी देवापासून ढळलेला तर नाही ना, ही शंका त्याला छळते. तेव्हा बाराही मुलगे त्याला उद्देशून शमा म्हणतात. शमा 'हे इस्रायला, ऐक' अशी सुरू होते, आणि इस्रायल हे याकोबाचेच दुसरे नाव. सगळे गमावल्यावर या समाजाने जे एक वाक्य जपले, ते परंपरेच्या कथेत मुलांनी बापाला दिलेले वचन आहे. त्याच्या जोडीला आठव्या दिवसाची सुंता होतीच, म्हणजे थेट अब्राहामाशी झालेला करार.

दाविद राहबी या गुरूची कथाही नीट ऐकली पाहिजे. बायकांनी खवले नसलेले, यहुदी धर्माला निषिद्ध असलेले मासे बाजूला काढले आणि त्याने आपली माणसे ओळखली, असे समाजात सांगतात. कथा म्हणूनच ती घ्यावी, पण तिच्यातला गुरू आधी ओळखतो आणि मग शिकवतो. मराठी प्रार्थनापुस्तकांचे श्रेयही बाहेर शोधायला नको. हिब्रू प्रार्थना मराठीत आणण्याचे मोठे काम जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी केले, आणि ते बेने इस्रायलच होते.