तालीम आणि पंगत

महोत्सवाच्या प्रसंगीं समाज आपल्या मागील वर्षांचा हिशेब मांडीत असतो. ख्रिस्तमंदिराचा पाया केव्हां घातला गेला, घंटा केव्हां आली, शाळा कोणीं काढली, ह्या गोष्टींची नोंद स्मरणिकेंत असावी हें योग्यच आहे. परंतु दगडविटांच्या इमारतीखेरीज दुसरी एक इमारत प्रत्येक पिढीस नव्यानें उभारावी लागते, आणि ती म्हणजे आपल्या मुलामुलींचीं शरीरें. तीं कोणत्या अन्नावर पोसलीं, कोणत्या अंगणांत खेळलीं, आणि त्या अंगणाच्या दाराबाहेर कोणास उभें राहावें लागलें, हाही इतिहासच आहे. तो मुख्यतः आपल्या महाराष्ट्रापुरता थोडक्यांत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

जुन्या काळीं गांवोगांव तालमी होत्या. तालीम म्हणजे चार भिंती, वर कौलें, आणि मधोमध तांबड्या मातीचा हौदा. ती माती चाळून तींत तेल, ताक व हळद मिसळीत. त्यामुळें ती मऊ राही आणि पडणाऱ्यास इजा कमी होई. पहांटे उठून जोर व बैठका काढाव्यात, मुद्गल फिरवावे, मल्लखांबावर उड्या घ्याव्यात, आणि मग वस्तादाच्या नजरेखालीं लढत करावी, असा क्रम असे. व्यायामाबरोबर आहाराचाही नेम असे. दूध, तूप, बदामाची थंडाई, ज्वारीची भाकर ह्यांस 'खुराक' म्हणत. आजचे वैद्य व्यायाम, आहार व विश्रांति यांचा जो मेळ सांगतात, तो त्या वस्तादांस अनुभवानेंच ठाऊक होता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाच्या विद्येचें पुनरुज्जीवन केलें असें मानतात. पुढें कोल्हापुरास शाहू महाराजांनीं कुस्तीस उदार आश्रय दिला. १९१२ सालीं पुरें झालेलें खासबाग मैदान त्याची साक्ष देत आजही उभें आहे.

परंतु ह्या तालमीच्या दारांतून सर्वांसच आंत जातां येत नसे. जातीचा विचार पुष्कळ ठिकाणीं आडवा येई. खुराक महाग असल्यानें गरिबाचा मुलगा चार दिवस येऊन घरीं बसे. मुलींचा तर प्रश्नच नव्हता. त्यांचा व्यायाम म्हणजे जातें आणि पाण्याचा हंडा. म्हणूनच पुण्याच्या गंजपेठेंतील लहुजी साळवे यांच्या तालमीचें महत्त्व विशेष आहे. लहुजी वस्ताद (१७९४ ते १८८१) हे मातंग समाजांतले. ज्या काळीं त्यांच्या समाजास गांवाच्या वेशीबाहेर राहावें लागे, त्या काळीं दुसऱ्या समाजांतील तरुणही त्यांच्या पायांशीं बसून दांडपट्टा शिकत. जोतीराव फुले हे त्यांपैकीं एक होत. मातीच्या हौद्यांत उतरलेल्या दोन देहांची जात ओळखतां येत नाहीं, हा धडा त्या तालमीनें पुण्यास दिला.

तालमीचें दार रुंद करण्याचें पुढील काम विसाव्या शतकांतील संस्थांनीं केलें. पुण्यास १९०६ सालीं डेक्कन जिमखाना स्थापन झाला. तेथें १९१४ च्या सुमारास खो-खोच्या खेळास लेखी नियमांत बसविण्यांत आलें. ही गोष्ट दिसावयास लहान, पण परिणामानें मोठी होती. नियम झाल्यामुळें एका गांवचे गडी दुसऱ्या गांवच्या गड्यांशीं खेळूं शकले. शिवाय खो-खोस साहित्य तें काय लागतें? दोन खांब आणि थोडी सपाट जमीन. आठ गडी आळीपाळीनें विरुद्ध दिशांस तोंडें करून बसतात, नववा पाठलाग करतो. धांवणें, वळणें, हुलकावणी देणें आणि सोबत्यावर विसंबणें, एवढ्या सगळ्याचें शिक्षण त्यांत एक पैही न खर्चितां मिळतें. त्याच १९१४ सालीं अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं ह्या मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन देशी खेळांचें व व्यायामांचें प्रदर्शन केलें. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम काढून योगासनांची शास्त्रीय पद्धतीनें परीक्षा आरंभिली. आणि १९३८ सालीं कांदिवलीस शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठीं सरकारी संस्था निघाली. व्यायाम तालमींतून शाळेंत आला तो ह्या वाटेनें.

येथें दूर देशची एक हकीकत सांगणें अवश्य वाटतें, कारण तिचा धागा पुढें आपल्यापर्यंत पोहोंचला आहे. इटलींतील तुरीन शहरांत १८४१ सालीं गुरुदीक्षा घेतलेला जॉन बॉस्को हा तरुण धर्मगुरू गवंडीकामावर व कारखान्यांत राबणारीं अनाथ पोरें गोळा करूं लागला. त्यांना घेऊन तो जागेच्या शोधांत फिरत होता. गोंगाटामुळें कोणी जवळ टिकूं देईना. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागांत एक पडवी व लगतची जमीन भाड्यानें मिळाली. त्याच वर्षीं त्याची आई मार्गारिता खेड्यांतून आली आणि पोरांसाठीं स्वयंपाक करूं लागली. तिनें तेथें भाजीचा मळा केला. एके दिवशीं पोरांनीं लढाईचा खेळ खेळतांना तो सारा तुडवून टाकला. माउली दुःखी होऊन घरीं परत जाण्यास निघाली. तेव्हां पुत्रानें न बोलतां भिंतीवरील क्रूसाकडे बोट दाखविलें, आणि ती राहिली. ह्या गोष्टींत आपल्या विषयाचें सारें मर्म आहे. मुलांना मळाही पाहिजे आणि मैदानही पाहिजे; दोन्हींची एकमेकांस अडचण होते; आणि ती सोसणारें कोणी तरी वडीलधारें माणूस तेथें टिकून राहावें लागतें. त्याच संस्थेचे सालेशियन धर्मगुरू १९०६ सालीं तंजावरास आणि १९२८ सालीं मुंबईस आले.

स्वातंत्र्यानंतरची एक गोष्ट प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असावी. कऱ्हाडजवळील गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकांत सहावे आले. आयुष्य मातीवर घालविलेला हा गडी तेथें गादीवर लढला होता. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूनें मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. त्या पदकावर नांव एकाचें असलें तरी त्यांत एका गांवाच्या वर्गणीचा आणि एका गुरुजींच्या घराचा अंश आहे.

आतां पंगतीकडे वळूं. उपाशी पोटीं जोर काढतां येत नाहींत, हें उघड आहे. मद्रास नगरपालिकेनें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतच आपल्या शाळांतील गरीब मुलांस दुपारचें जेवण देण्यास प्रारंभ केला होता. १९५६ सालीं मुख्यमंत्री कामराज यांनीं ती योजना मद्रास राज्यांत विस्तारली, आणि १९८२ सालीं रामचंद्रन यांनीं ती आणखी व्यापक केली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळानें भुकेचें दर्शन घराघरांत घडविलें. दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी आणि परदेशांतून आलेली लाल मिलो ज्वारी ही त्या पिढीच्या तोंडांत अजून चव धरून आहे. त्या सुकडीच्या घांसावर कित्येक लेंकरें वांचलीं.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं केंद्र सरकारनें सर्व देशासाठीं शालेय पोषणाची योजना काढली. परंतु आरंभीं बहुतेक राज्यांत शिजविलेल्या अन्नाऐवजीं महिन्यास तीन किलो धान्य घरीं देत. तें धान्य घरच्या मोठ्या पातेल्यांत मिसळून जाई, आणि शाळेंतल्या मुलाचा वांटा निराळा राहत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शाळेंतच शिजविलेलें अन्न देण्याचा हुकूम केला. तेव्हांपासून आपल्या खेड्यांतील शाळेंतून दुपारीं खिचडीचा वास येऊं लागला. योजनेच्या नियमानुसार प्राथमिक वर्गाच्या मुलास ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें, आणि वरच्या प्राथमिक वर्गास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनें मिळावींत असें ठरलें आहे. पण आंकड्यांहून मोठी गोष्ट ही कीं, सर्व घरांचीं मुलें एका ओळींत मांडी घालून एकाच भांड्यांतलें अन्न खाऊं लागलीं. कांहीं गांवांत स्वयंपाकिणीच्या जातीवरून तंटे झाले. पंगत सहजासहजीं सरळ बसली नाहीं. तरी ती बसली. लहुजींच्या तालमीनें मातींत जें केलें, तें खिचडीनें ताटांत करावयास घेतलें.

ह्याचा अर्थ काम संपलें असा नाहीं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांतील पांच वर्षांखालील शेंकडा ३५ मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. दुसऱ्या बाजूस, ज्यांच्या घरीं कशाची वाण नाहीं अशीं मुलें पुडींतले खारे तळलेले पदार्थ व गोड पेयें यांवर वाढत आहेत, आणि सायंकाळीं मैदानाऐवजीं हातांतल्या पडद्याकडे पाहत बसलीं आहेत. एकाच आळींत भूकही आहे आणि मेदही आहे. जागतिक आरोग्य संघटना पांच ते सतरा वर्षांच्या मुलांस रोज सरासरी साठ मिनिटें दमवणारी हालचाल सांगते. २०२० सालच्या सरकारी नियमांनीं शाळेच्या आवारांत व फाटकापासून पन्नास मीटरांच्या आंत अति चरबी, मीठ व साखर असलेले पदार्थ विकण्यास बंदी केली. नियम चांगला आहे. पण पन्नास मीटरांच्या पलीकडे रस्ता आपला आणि मुलेंही आपलीं. तेथें कायद्याचा हात पुरत नाहीं, शेजाऱ्याचा पुरतो.

आतां त्या तालमीच्या दाराबाहेर उभ्या राहिलेल्या मुलींचें काय झालें? जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोचे पहिले जागतिक सामने झाले. भारताच्या पुरुषांनीं व स्त्रियांनीं, दोघांनींही, अंतिम सामन्यांत नेपाळला जिंकून विजय मिळविला. आणि दोन्ही संघांचें पुढारपण महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होतें, पुरुषांचें प्रतीक वाईकर यांच्याकडे व स्त्रियांचें प्रियंका इंगळे यांच्याकडे. जिच्या पणजीचा व्यायाम जात्यापाशीं संपत होता, तिच्या पिढीनें जग जिंकलें. दार उघडण्यास शंभर वर्षें लागलीं, पण उघडल्यावर काय होतें तें सर्वांनीं पाहिलें.

ह्या इतिहासावरून तीन गोष्टी ध्यानांत येतात. जें घराजवळ असतें, जें स्वस्त असतें आणि ज्याचें दार सर्वांस मोकळें असतें, तेंच टिकतें. खो-खो टिकला, कारण त्यास दोन खांब पुरतात. खिचडी टिकली, कारण ती शाळेंतच शिजते. भव्य पण महाग व थोड्यांचे असे उपक्रम मात्र उद्घाटनाच्या फलकापुरते उरतात. आपल्या ख्रिस्तमंदिराभोंवतीं अंगण आहे, सणाच्या दिवशीं मोठीं भांडीं निघतात, वाढणारे हात आहेत. तें अंगण सणाखेरीजच्या सायंकाळींही मुलामुलींच्या पावलांनीं तुडविलें जावो, आणि त्या भांड्यांत आपल्या मातींतली नाचणी, ज्वारी, कडधान्य व भाजी शिजो. पुढील महोत्सवाची स्मरणिका लिहिणारा जो कोणी असेल, त्यास इमारतींबरोबर ह्या दुसऱ्या इमारतीचाही हिशेब मांडतां यावा, एवढीच इच्छा आहे.