प्रायश्चित्तकाळ

प्रायश्चित्तकाळ (उपवासकाळ, लेंट) : ईस्टरच्या तयारीसाठी ख्रिस्ती लोक पाळतात तो चाळीस दिवसांचा काळ. कॅथलिक परंपरेत तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. ईस्टर चंद्रावरून ठरतो, म्हणून हा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांदरम्यान केव्हाही येतो. ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत मोजल्यास दिवस ४६ भरतात. पण रविवार हा पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपास नाही. सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात. त्यामागे येशूने अरण्यात काढलेले चाळीस दिवस आहेत. मोशे सिनाय डोंगरावर तितकेच दिवस होता आणि एलिया होरेबपर्यंत तितकेच दिवस चालला.

इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेच्या पाचव्या नियमात या काळाचा उल्लेख येतो. त्या सुमारास दोन प्रकारचे लोक या दिवसांत एकत्र येत. पहिले, ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेणारे नवे उमेदवार. दुसरे, गंभीर पापामुळे मंडळीच्या सहभागितेबाहेर ठेवलेले पापी. ते जाडेभरडे वस्त्र नेसून, अंगावर राख घेऊन उघडपणे प्रायश्चित्त करीत आणि पवित्र गुरुवारी त्यांना परत घेतले जाई. एक गट प्रथमच आत येत होता, दुसरा परतत होता. देवाकडे परतण्याच्या वाटेचे जे चिंतन आजही या काळात होते, त्याचे मूळ या दोन गटांत आहे. पश्चात्ताप म्हणजे नुसती हळहळ नव्हे, कुठेतरी पोहोचायचे असते, हे त्या मंडळींना वेगळे सांगावे लागत नसे.

पुढे आयर्लंडच्या मठवाशांनी खाजगी पापनिवेदनाची पद्धत रुजवली आणि १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. पाप्याची चारचौघांतली मानहानी टळली, हे चांगलेच झाले. पण प्रायश्चित्त ही ज्याच्या त्याच्या मनातली बाब होऊन बसली. राख मात्र उलट दिशेने गेली. एके काळी ती ठरावीक पाप्यांपुरती होती. १०९१ च्या बेनेव्हेंतो परिषदेपासून ती सर्वांनीच घ्यावी असे ठरले. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून ही राख करतात. ती लावताना माणसाच्या मातीपणाची आठवण देतात, किंवा मागे वळून शुभवर्तमानावर विश्वास ठेवायला सांगतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये बाप्तिस्मा आणि प्रायश्चित्त ही या काळाची दोन्ही अंगे पुन्हा पुढे आणली, आणि प्रायश्चित्त अंतरंगापुरते न राहता समाजातही दिसावे असा आग्रह धरला.

या काळातील उपासनेत ‘आलेलुया’ गात नाहीत, वस्त्रे जांभळी असतात. वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आहे. त्यातल्या तिसऱ्या वर्षी चौथ्या रविवारी उधळ्या पुत्राचा दाखला येतो आणि पश्चात्तापावरील प्रवचनांचा निम्मा भार तोच उचलतो. घराकडे निघालेला धाकटा मुलगा वाटेत बोलायची वाक्ये जुळवतो. ‘मला चाकर म्हणून ठेवा’ या अर्थाचे शेवटचे वाक्य बोलण्याआधीच बाप मेजवानीचे हुकूम सोडतो. क्षमा पश्चात्तापाचे बक्षीस म्हणून मिळत नाही, हे येथे स्पष्ट होते. प्रवचनकार सहसा घाईने ओलांडतात तो मात्र थोरला मुलगा. तो घर सोडून कुठेही गेलेला नाही, तरी शेवटी दाराबाहेर उभा आहे आणि त्याच्या समजुतीलाही बापच बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे शुभवर्तमानकार लूक सांगत नाही. नियमित चर्चला जाणाऱ्यांनी प्रायश्चित्तकाळात खरे तर त्याच्याकडे पाहावे.

प्रवचनांतली दुसरी नेहमीची जोडी येशूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहूदा या शिष्यांची. पस्तावा दोघांनाही झाला. मत्तयाच्या वृत्तान्तात यहूदा चांदीची नाणीही परत करतो. पण तो एकटाच निघून जातो, पेत्र रडून इतर शिष्यांत परततो.

आजच्या कॅथलिक नियमानुसार उपासाचे बंधन फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी, १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठावे वर्ष लागेपर्यंतच्या लोकांवर आहे. पौर्वात्य मंडळींचा उपवास बराच कडक. मांस, अंडी, दूध सारे वर्ज्य. तेथे सुरुवातीच्या रविवारी लोक एकमेकांची क्षमा मागतात. चर्चपिता ऑगस्टीनने मात्र उपासाने वाचलेले अन्न गरिबाच्या पोटात गेले पाहिजे असे बजावले होते. १५२२ मध्ये झुरिचमध्ये काही जणांनी या काळातली मांसबंदी झुगारून मुद्दाम सॉसेज खाल्ले. धर्मसुधारक झ्विंग्लीने त्यांची बाजू घेतली आणि तेथून स्वित्झर्लंडच्या धर्मसुधारणेला जोर आला. त्यामुळे काही प्रोटेस्टंट पंथ हा काळ पाळत नाहीत. अँग्लिकन व ल्यूथरन पाळतात.

वसई, मुंबई, गोवा येथे शुक्रवारची ‘क्रुसाची वाट’ ही या काळातली सर्वांत परिचित भक्ती. तिची चौदा स्थाने १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी निश्चित केली. गोव्यात पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते.