झाशीची सुभेदारी : चाकरी की वतन?

झाशीचे नाव उच्चारताच राणी लक्ष्मीबाईंची तलवार डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ती तलवार उपसली जाण्यापूर्वी झाशीचा एक लढा कागदावर झाला होता. त्याच्या मुळाशी मुलकी कारभारातील जुना प्रश्न होता : झाशीचा सुभेदार हा पेशव्यांचा चाकर, की मुलखाचा वंशपरंपरागत धनी?

१७२९ मध्ये थोरल्या बाजीरावांनी छत्रसालास बंगशाच्या वेढ्यातून सोडविले आणि बुंदेलखंडात मराठ्यांचा पाय रोवला गेला. १७४२ च्या सुमारास झाशी नारो शंकरांच्या हाती आली. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने बांधलेल्या किल्ल्याचा त्यांनी विस्तार केला. तो भाग पुढे शंकरगड म्हणून ओळखला गेला. मात्र १७५७ मध्ये पेशव्यांनी त्यांना परत बोलाविले. म्हणजे त्या काळी सुभेदारी ही नेमणूकच होती. ती देता येत असे, तशी काढूनही घेता येत असे.

सुभेदाराचे मुख्य काम वसुलीचे. वर्षारंभी जमाखर्चाचा अजमास व्हावा, सरकारात आगाऊ रसद भरावी, वर्षअखेर हिशेब हुजूर दफ्तरात रुजू करावा, अशी मराठी राज्याची रीत होती. दिवाण, मुजुमदार, फडणीस हे दरकदार परस्पर सरकारातून नेमले जात. त्यामुळे सुभेदारावर आपोआप वचक राहत असे. गावपातळीवर मात्र देशी नमुना जसाच्या तसा उतरविला गेला नाही. देशावर जेथे देशपांडे आणि कुळकर्णी, तेथे बुंदेलखंडात कानूनगो आणि पटवारी होते. बुंदेल्या ठाकुरांकडील अनेक गावे 'उबारी'वर, म्हणजे हलक्या ठराविक साऱ्यावर, राहू दिली गेली.

पुण्यापासूनचे अंतर आणि पदरी फौज बाळगण्याची गरज यांमुळे सुभेदाराचे स्वातंत्र्य वाढत गेले. मूळच्या कोकणातील नेवाळकर घराण्यातील रघुनाथ हरी १७७० च्या सुमारास झाशीवर आले. त्यांच्यामागून बंधू शिवराव भाऊ आणि नंतर शिवरावांचे नातू रामचंद्रराव गादीवर बसले. नेमणुकीचे वतन झाले ते असे, एका पिढीकडून दुसरीकडे जाता जाता.

१८०४ मध्ये शिवराव भाऊंनी कंपनीशी करार केला, तेव्हा पेशव्यांचे स्वामित्व कायम होते. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडातील आपले हक्क कंपनीस दिले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनीने तह करून झाशीचा मुलूख रामचंद्ररावांकडे वंशपरंपरेने मान्य केला. १८३२ मध्ये तर बेंटिंकने त्यांना राजा हा किताब दिला.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. आदल्याच दिवशी त्यांनी दामोदररावांस दत्तक घेतले होते. डलहौसीने दत्तक नामंजूर केला. झाशीकर हे मूळचे पेशव्यांचे सुभेदार, पेशव्यांचा हक्क आता कंपनीकडे, सबब मुलूख सरकारजमा, असा त्याचा युक्तिवाद होता. शेजारच्या ओरछ्याचा दत्तक मान्य झाला होता. कारण ते पुरातन स्वतंत्र राज्य मानले गेले. यावर राणीसाहेबांनी फेब्रुवारी १८५४ च्या खलित्यात तहातील 'वारिसान' आणि 'जानिशीनान' या दोन फारसी शब्दांवर बोट ठेविले. दोन्हींचा अर्थ नुसता 'औरस वारस' असता, तर दुसरा शब्द योजण्याचे प्रयोजन काय? दत्तक उत्तराधिकाऱ्यासाठीच तो घातलेला आहे, हा त्यांचा मुद्दा शासकीय लेखनाची सवय असलेल्या कोणासही बिनतोड वाटेल.

तो मानला गेला नाही. तनखा दरमहा ५००० रुपये ठरला, देवस्थानची गावेही खालसा झाली. पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. नव्या राजवटीच्या रोख, कडक सारापद्धतीतही मुलूख सुखी झाला नाही. झाशीतील कर्जबाजारी जमीनदारांसाठी १८८२ मध्ये स्वतंत्र कायदाच करावा लागला.

बुंदेलखंडात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना यातून एक गोष्ट घेता येईल. कोणाच्या घरी जुनी सनद, ताळेबंद वा मोडीतील रुमाल असेल, तर तो रद्दीत घालू नये. जाणकाराकडून वाचून घ्यावा. ज्या झाशीचे भवितव्य तहातल्या एका शब्दावर अडून राहिले, तेथील कागदाचे मोल आपण तरी ओळखले पाहिजे.