नॅनोरंध्र क्रमनिर्धारण

नॅनोरंध्र क्रमनिर्धारण किंवा नॅनोपोअर सिक्वेन्सिंग ही डीएनए रेणूतील क्षारकांचा क्रम विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने थेट वाचण्याची पद्धत आहे. तीत डीएनएचा एकेरी धागा सुमारे एक नॅनोमीटर (मीटरचा एक अब्जांश भाग) रुंदीच्या छिद्रातून जातो. क्षारकांना चकाकणारी रंगद्रव्ये जोडावी लागत नाहीत आणि धागा सरकत असतानाच त्याचे वाचन मिळू लागते.

कार्यपद्धती

विद्युतरोधक पटलात प्रथिनाचे रंध्र बसवलेले असते व पटलाच्या दोन्ही बाजूंना क्षारद्रावण असते. विभवांतर लावल्यावर रंध्रातून आयन वाहतात. ऋणभारित डीएनए धनाग्राकडे ओढला जातो व रंध्रात शिरून आयनांची वाट अंशतः अडवतो. अ‍ॅडेनिन, ग्वानिन, सायटोसिन व थायमिन यांची रचना भिन्न असल्याने प्रवाहातील घटही भिन्न असते. रंध्राच्या अरुंद भागात एकाच वेळी अनेक क्षारक असतात. त्यामुळे प्रवाहाच्या नोंदीवरून क्रम ठरवण्यासाठी न्यूरल नेटवर्कवर आधारित संगणकीय प्रणाली वापरतात.

इतिहास

अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड डीमर यांनी १९८९ मध्ये ही कल्पना मांडली. १९९६ मध्ये कॅसियानोविझ, ब्रँडिन, ब्रँटन व डीमर यांनी स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूच्या अल्फा-हिमोलायसिन प्रथिनाच्या रंध्रातून न्यूक्लिइक आम्लाचे धागे जात असल्याचे दाखवले. मात्र धागा इतक्या वेगाने निसटे की प्रत्येक क्षारकाची स्वतंत्र नोंद होत नसे. धाग्याला एकेक पायरी पुढे सोडणारे विकर जोडल्यावर ही अडचण दूर झाली. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ऑक्सफर्ड नॅनोपोअर टेक्नॉलॉजीज या ब्रिटिश कंपनीने २०१४ मध्ये मिनआयन हे तळहातावर मावणारे उपकरण निवडक संशोधकांना दिले.

उपयोग

२०१५ मध्ये गिनी देशातील इबोलाच्या साथीत हे उपकरण थेट साथग्रस्त भागात नेण्यात आले. तेथे १४२ नमुन्यांतील विषाणूंचे क्रमनिर्धारण झाले. नमुना मिळाल्यापासून २४ तासांच्या आत निष्कर्ष मिळत असल्याने संसर्गाच्या साखळ्यांचा माग काढणे शक्य झाले. २०१६ मध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर डीएनएचे क्रमनिर्धारण केले. २०२२ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने अत्यवस्थ रुग्णांच्या आनुवंशिक रोगनिदानासाठी ही पद्धत वापरून एका मानवी जनुकसंचाचे क्रमनिर्धारण ५ तास २ मिनिटांत पूर्ण केल्याचे जाहीर केले. लाखो क्षारकांचे सलग तुकडे वाचता येत असल्याने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मानवी जनुकसंचाच्या संपूर्ण आवृत्तीतही तिची मदत झाली.

मर्यादा

सुरुवातीच्या उपकरणांत चुकांचे प्रमाण मोठे होते. नवी रंध्रे व सुधारित संगणकीय प्रणालींमुळे ते बरेच घटले आहे. तरीही एकच क्षारक अनेकदा सलग आल्यास प्रवाह बदलत नाही व त्यांची संख्या मोजताना चूक होऊ शकते. म्हणून एकच भाग अनेक धाग्यांवरून वाचून निष्कर्ष पडताळला जातो. रोगनिदानात एका क्षारकाचा फरकही निर्णायक ठरू शकत असल्याने ही पडताळणी विशेष महत्त्वाची असते.