घाई, त्वरा आणि साहस

इंग्रजी भाषेत घाईने किंवा एकाएकी केलेल्या कृतीला इतके शब्द आहेत, की आपल्या शाळकरी मुलांना त्यांतला भेद उमगेपर्यंत परीक्षा तोंडावर येऊन ठेपते. 'हेस्टी', 'सडन', 'ॲब्रप्ट', 'रॅश', 'इम्पेचुअस', 'प्रेसिपिटेट', 'प्रॉम्प्ट' अशी ही भलीमोठी भावकी आहे. मेजर कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून आपण या शब्दांपुढे मराठी शब्द मांडीत आलो आहोत. परंतु शब्दापुढे शब्द मांडला, तरी त्याच्या पोटात दडलेला रागलोभ उतरतोच असे नाही. आपल्याच भाषेत पाहा. लग्नघरातली 'लगबग' सर्वांना गोड वाटते, 'धांदल' आपण हसून सोडून देतो, 'तडकाफडकी' म्हटले की कपाळाला आठी पडते, आणि 'उतावळा' नवरा तर गुडघ्याला बाशिंग बांधून कायमचा हास्यास्पद झाला आहे. वेग सर्वांचा सारखाच. निवाडा मात्र निराळा.

हा निवाडा शब्दात शिरतो कोठून, हे पाहण्यासाठी त्यांची कुळे थोडी चाळू.

'सडन' हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी 'गुपचूप खालून वर येणे' ही कल्पना आहे. पाहुणा दारात उभा राहीपर्यंत कळू नये, तशी. त्यात दोष कुणाचाच नाही. 'ॲब्रप्ट' म्हणजे तुटलेला. कडा जसा एकदम तुटतो, तसे बोलणे किंवा निघून जाणे. यात थोडा उद्धटपणाचा वास येतो. 'प्रेसिपिटेट' याचा मूळ अर्थ डोके पुढे करून कोसळणारा. रसायनशाळेत नळीच्या तळाशी बसणारा साका आणि विचार न करता निर्णयावर कोसळणारा मुत्सद्दी, दोघांनाही इंग्रज एकाच शब्दाने ओळखतो! 'इम्पेचुअस'मध्ये लॅटिनमधील हल्ल्याचा आवेश आहे. हा माणूस पडत नाही, धावून जातो. 'हेस्ट' म्हणजे घाई हा शब्द फ्रेंचांकडून आला खरा, पण त्याचे मूळ जर्मानिक भाषांत असून तेथे त्याच्या सोयऱ्या शब्दांचा अर्थ झगडा, जबरदस्ती असा होतो. याउलट 'स्पीड' या शब्दाचा जुन्या इंग्रजीत अर्थ होता यश, भरभराट. वेग हा त्याचा पुढचा जन्म.

सर्वांत मौजेची कथा 'रॅश'ची. आज या शब्दाचा अर्थ अविचारी. पण त्याचा सख्खा भाऊ 'राश' जर्मन भाषेत अजून नांदतो आहे, आणि त्याचा अर्थ आहे नुसता 'चपळ'. इंग्रजीतही हा शब्द प्रथम चपळ असाच होता. सोळाव्या शतकापर्यंत त्याला अविचाराचा डाग लागला. चपळाईने केलेली कामे वारंवार फसली असतील आणि लोकांनी फजितीचे खापर शब्दाच्या डोक्यावर फोडले असेल, असे मानण्यास जागा आहे. माणसाच्या आळसानेही शब्द बदलतात. 'प्रेझेंटली' म्हणजे एके काळी 'या क्षणी'. पुढे त्याचा अर्थ 'थोड्या वेळाने' असा झाला. कारण 'या क्षणी येतो' म्हणणारा इंग्रज त्या क्षणी कधी आलाच नाही. आपल्याकडचे 'आत्ता आलोच' ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

पण ही नुसती कोशातली गंमत नव्हे. या शब्दांतल्या अंतरात माणसांचे प्राण गेले आहेत. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लावा येथे जे घडले, ते याची साक्ष देईल.

त्या दिवशी सकाळी रशियन घोडदळाचा मोठा जमाव टेकडीच्या माथ्यावर अवचित प्रकट झाला. खाली होते जनरल स्कार्लेट आणि त्यांचे अवजड घोडदळ. स्कार्लेट पंचावन्न वर्षांचे. त्यापूर्वी त्यांनी लढाई पाहिलेली नव्हती. हाताशी सुमारे तीनशे स्वार आणि शत्रू कित्येक पटींनी अधिक, तोही चढावर. स्कार्लेट यांनी हल्ल्याचा निर्णय तत्काळ घेतला. मात्र निघण्यापूर्वी स्वारांच्या रांगा नीट करवून घेतल्या. शत्रू समोर उभा असताना अधिकारी त्याच्याकडे पाठ करून आपल्या रांगा सरळ करीत होते! मग ते चढावर गेले, शत्रूच्या गर्दीत घुसले आणि काही मिनिटांत रशियन मागे हटले. यासाठी इंग्रजीत शब्द आहे 'प्रॉम्प्ट'. त्याचा मूळ अर्थ कोठीतून बाहेर काढून हाताशी ठेवलेला, म्हणजेच सज्ज. त्वरा आणि तयारी यांचे लग्न या एका शब्दात लागले आहे.

तेथून जवळच लॉर्ड कार्डिगन आपले हलके घोडदळ घेऊन उभे होते. पळत्या शत्रूचा पाठलाग करण्याची संधी समोर होती. पण तसा हुकूम नाही म्हणून ते जागचे हलले नाहीत. याला म्हणायचे दिरंगाई.

त्यानंतर काही वेळाने उंच पठारावरून सेनापती लॉर्ड रॅग्लन यांना दिसले, की रशियन लोक टेकडीवरच्या मोर्च्यांतून जिंकलेल्या इंग्रजी तोफा ओढून नेत आहेत. त्यांनी आधी पाठविलेल्या हुकमावर घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन पायदळाची वाट पाहत थांबले होते. वरून नवा हुकूम आला : घोडदळाने वेगाने पुढे जावे, शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत, ताबडतोब. कोणत्या तोफा, हे त्यात लिहिले नव्हते. पठारावरून जे स्पष्ट दिसत होते, ते खोऱ्यातून दिसत नव्हते. हुकूम आणणारे कॅप्टन नोलन घोडदळशास्त्राचे जाणते, पण उतावळे. दिवसभराच्या दिरंगाईने ते जळफळत होते. कोणत्या तोफा, असे लुकन यांनी विचारताच त्यांनी तडकून हात फिरवला, तो खोऱ्याच्या टोकाकडे. तेथे होता रशियनांचा सज्ज तोफखाना. 'इम्पेचुअस' या शब्दाला याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

लुकन आणि कार्डिगन हे मेहुणे. पण दोघांचे हाडवैर. दोघांत मोकळे बोलणे झाले असते, तर कदाचित एखादा प्रश्न अधिक विचारला गेला असता. तो विचारला गेला नाही. सुमारे ६७० स्वार मैलाहून अधिक लांबीच्या त्या खोऱ्यात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी तोफा धडधडत असताना शिरले. हल्ला सुरू होताच नोलन ठार झाले. शंभराहून अधिक स्वार मेले, त्याहून अधिक जखमी झाले. घोड्यांचा तर संहारच उडाला. लॉर्ड टेनिसन यांची या हल्ल्यावरची कविता त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली आणि इंग्लंडच्या घराघरांत पोहोचली.

आता एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जगाने ज्या हल्ल्याला 'रॅश' ठरविले, तो निघाला तेव्हा घोडे दुडक्या चालीने, रांग धरून चालले होते. कार्डिगन यांनी स्वारांना आपल्या पुढे जाऊ दिले नाही. अविचार घोड्यांच्या पायांत नव्हता. तो हुकमाच्या संदिग्ध शब्दांत, नोलन यांच्या हातवाऱ्यात आणि दोन मेहुण्यांच्या अबोल्यात होता. स्कार्लेट यांनी निर्णय झटपट घेतला, पण डोळ्यांनी पाहून घेतला. दुसरा निर्णय न पाहता घेतला गेला.

आपल्या पूर्वजांनी हा भेद ओळखला होता. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त युधिष्ठिर संतापलेल्या भीमाला समजावतो, की कोणतेही कृत्य एकाएकी करू नये. तेथे जो 'सहसा' शब्द आहे, तो 'सहस्', म्हणजे बळ, यापासून झाला. बळाच्या झटक्यासरशी, असा त्याचा भाव. मराठीत मात्र हाच 'सहसा' इतका निवळला, की त्याचा अर्थ 'बहुतकरून' असा झाला! त्याच घराण्यातले 'साहस' धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्याचे नाव होते. मराठीत आज ते पराक्रमाचे भूषण आहे. इंग्रजांचा 'रॅश' चपळाईतून अविचारात उतरला. आपले 'साहस' अपराधातून गौरवात चढले.

म्हणून कुणाच्या कृतीला नाव देताना आपण थोडे थबकावे. यश आले की 'प्रसंगावधान', अपयश आले की 'आततायीपणा', असा न्याय देणे सोपे आहे. पण तो न्याय निकालाचा असतो, कृतीचा नव्हे. करणाऱ्याने पाहिले होते का, विचारले होते का, एवढेच विचारावे. मुलाने तडकाफडकी नोकरी सोडली, मुलीने झटकन एखादा निश्चय केला, तर तोंडात येणाऱ्या शब्दालाही घाई होऊ देऊ नये. कारण माणसाला एकदा चिकटलेला शब्द फार सावकाश सुटतो.