एकतारी, पेटी आणि प्रभूचे कीर्तन : मराठी ख्रिस्ती लोकसंगीताची चारशे वर्षे

१/ अमेरिकेत 'ख्रिश्चन कंट्री' नावाचा एक संगीतप्रकार आहे. गिटार, बॅन्जो, फिडल ही खेड्यातील वाद्ये, कष्टकऱ्यांच्या घरातील भाषा आणि विषय मात्र येशूचा. गावची चाल आणि नव्या श्रद्धेचे शब्द असा संगम आपल्याकडे झाला का? झाला, आणि अमेरिकेतील हा प्रकार तबकडीवर उमटण्याच्या कितीतरी आधी झाला. हा धागा त्याच इतिहासाचा.

२/ प्रथम अमेरिका, थोडक्यात. १८०१ मध्ये केंटकी प्रांतातील केन रिज येथे हजारो शेतकरी उघड्या माळावर प्रार्थनेसाठी जमले. अशा मेळाव्यांत पुस्तके अपुरी आणि वाचणारे मोजके. म्हणून गाणी साधी झाली, पालुपद वारंवार येऊ लागले. एकाने ओळ सांगावी, सर्वांनी उचलावी. आपल्या भजनातील ध्रुपदाचे कार्य याहून निराळे नाही.

३/ पुढे १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात कार्टर कुटुंबासारख्या ग्रामीण गायकांचे ध्वनिमुद्रण झाले. कंट्री संगीताचा व्यावसायिक आरंभ बहुधा येथूनच मोजतात. या गायकांच्या साठ्यात भक्तिगीते भरपूर होती. १९४८ मध्ये हँक विल्यम्सचे 'आय सॉ द लाइट' प्रसिद्ध झाले आणि ही वाट रुळली.

४/ आता आपल्या भूमीकडे येऊ. काळ त्याहून तीनशे वर्षे मागचा. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला. मराठी व कोकणी शिकला. १६१६ मध्ये राचोल येथे त्याचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. दोन भाग, सुमारे अकरा हजार ओव्या. बायबलमधील कथा, पण बांधणी संपूर्ण मराठी पुराणाची.

५/ स्टीफन्सने ओवी का निवडली? ओवीचे पहिले तीन चरण यमकाने जोडलेले असतात आणि चौथा आखूड असतो. कथा पुढे सरकते, श्वासही मिळतो आणि ऐकणाऱ्याच्या ध्यानात राहते. ज्ञानेश्वरी ऐकत आलेल्या समाजाला धर्मकथा याच घाटात अपेक्षित होती. नवख्रिस्ती झालेल्या माणसाचा धर्म बदलला होता, कान बदलले नव्हते. स्टीफन्सला हे उमगले होते.

६/ १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील छापील आवृत्त्या काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. ग्रंथ टिकला तो हस्तलिखित प्रतींमुळे आणि तो गाणाऱ्या-वाचणाऱ्या कुटुंबांमुळे. १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली, ती अशा जुन्या प्रतींवरूनच.

७/ दुसरा प्रवाह प्रॉटेस्टंटांचा. अमेरिकन मराठी मिशनचे पाद्री १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, त्यांचे ठाणे झाले. पाद्री हेन्री बॅलंटाइन यांनी मराठीत उपासनेची गीते रचण्यासाठी कष्ट घेतले. परंतु त्या काळातील बहुतेक गीते पाश्चात्य चालींवर बसवलेली असत. अडचण तेथेच होती.

८/ ही अडचण तांत्रिक आहे, म्हणून थोडे थांबू. इंग्रजी पद्य शब्दावरील आघातावर चालते. मराठी पद्य अक्षरसंख्येवर किंवा लघु-गुरूंच्या मात्रांवर चालते. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबला की ऱ्हस्वाचा दीर्घ होतो, भलत्याच अक्षरावर जोर पडतो आणि अर्थ विस्कटतो. मोठ्या अभंगाचे माप पाहा : सहा, सहा, सहा, चार अक्षरे; दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. हे माप खेड्यातील निरक्षर माणसाच्याही जिभेवर होते.

९/ आणि ख्रिस्ती होणारे लोक कोण होते? नगर जिल्ह्यात मुख्यतः महार, काही ठिकाणी मांग. ज्यांना देवळाची पायरी बंद होती, पण चोखोबांचा अभंग आणि एकतारी ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, असे लोक. रविवारी ऑर्गनवर परकी चाल आणि रात्री झोपडीत एकतारी, अशा दोन जगांत त्यांचे गाणे विभागले गेले.

१०/ हा दुभंग भरून काढण्याचा मार्ग नगरच्या एतद्देशीय ख्रिस्ती मंडळींनीच शोधला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे या परंपरेतील अग्रणी गीतकार. मराठी रागदारी आणि पद्यजाती यांत त्यांनी उपासनेची गीते बांधली.

११/ कीर्तनाची घडण तुम्हाला ठाऊक असेल : पूर्वरंगात निरूपण, मध्ये भजन, उत्तररंगात आख्यान. ख्रिस्ती कीर्तनकारांनी हा सांगाडा तसाच ठेवला. पूर्वरंगात पाप, क्षमा, कृपा यांचे विवेचन; उत्तररंगात योसेफाची किंवा उधळ्या पुत्राची कथा. साकी, दिंडी, आर्या, पदे आणि सोबत टाळ-मृदंग. बापाचे घर सोडून गेलेला मुलगा रिकाम्या हाताने परततो, हे आख्यान कोणत्याही गावात डोळे ओले करणारेच होते.

१२/ विरोध झाला का? असे प्रयोग होतात तेथे दोन्ही बाजूंनी संशय येतोच. काही पाद्र्यांना टाळ-मृदंगात देवळाची आठवण येई. गावातील काहींना आपले कीर्तन पळवले असे वाटे. अमेरिकेतही हेच घडले. सनातनी ख्रिस्ती कुटुंबांत फिडलला सैतानाचे वाद्य म्हणत, कारण त्यावर लोक नाचत. वाद्याला धर्म नसतो. पण त्याला आठवणी चिकटलेल्या असतात.

१३/ उलट दिशेचा एक प्रवासही पाहा. आज वारकरी भजनापासून शीख कीर्तनापर्यंत सर्वत्र वाजणारी पेटी मुळात युरोपीय. हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये घडली आणि मिशनरी व व्यापारी यांच्यासोबत भारतात आली. कलकत्त्यात तिला जमिनीवर बसून वाजवण्याजोगे रूप मिळाले. म्हणजे चर्चने कीर्तन घेतले आणि कीर्तनाने चर्चमधील वाद्य घेतले.

१४/ आता नारायण वामन टिळक. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घर, जात, नाती सारे तुटले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या आणि पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. या संसाराची कहाणी 'स्मृतिचित्रे'त आहे; वाचली नसेल तर अवश्य वाचा.

१५/ टिळकांची भूमिका स्पष्ट होती : ख्रिस्ताकडे जाण्याचा आपला मार्ग तुकोबांच्या अभंगांवरून गेला, असे ते मानीत. म्हणून त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणले. त्यांच्या गीतांतील ख्रिस्त वारकऱ्याच्या विठ्ठलासारखा माउली होतो, गुरू होतो, सखा होतो. इंग्रजीतून उचललेल्या गीतांना ही जवळीक साधली नव्हती.

१६/ परिणाम मोजता येतो. टिळक १९१९ मध्ये निवर्तले, त्या सुमारास मराठी उपासनागीतांच्या संग्रहातील एक तृतीयांशाहून अधिक रचना एकट्या त्यांच्या होत्या. 'ज्ञानोदय' या १८४२ पासून चाललेल्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली : परदेशी मिशनच्या छत्राबाहेर, भारतीय रीतीने जगणारा ख्रिस्तभक्तांचा मेळा.

१७/ 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य त्यांनी हाती घेतले, पण दहा-अकरा अध्यायांनंतर मृत्यूने गाठले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रीने पतीचे महाकाव्य पुरे केले. ओवी तिला कोणी शिकवली नव्हती. ती जात्यावरून आली होती.

१८/ आता मराठवाडा. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. अशा मुलखात मराठी जिवंत राहिली ती घरात, बाजारात, कीर्तनात आणि भजनात. त्यामुळे येथे मराठीत उपासना करणे याला भाषेच्या दृष्टीनेही मोल होते.

१९/ येथील आरंभीचे मोठे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री. ब्राह्मण कुळात जन्मलेले शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. १८६० च्या दशकात त्यांनी जालना परिसरात काम उभारले, विशेषतः मांग समाजात. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून जालन्याजवळ त्यांनी 'बेथेल' हे ख्रिस्ती गाव वसवले : शेती, विहिरी, शाळा, प्रार्थनामंदिर.

२०/ हेच शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेत बोलले, डोक्यावर आपली पगडी घालून. त्याच सुमारास सँकी या अमेरिकन गायकाची सोपी, पालुपदाची प्रार्थनागीते इंग्लंड-अमेरिकेत गाजू लागली होती. कंट्री भक्तिगीतांचा एक झरा याच गीतांतून निघतो. पुढे त्यांतील कितीतरी गीते भाषांतरित होऊन मराठी चर्चमध्येही पोहोचली. एकाच झऱ्याचे पाणी टेनेसीत आणि गोदातीरी !

२१/ नांदेड-लातूरकडे पाहताना नकाशा जवळ ठेवा. वायव्येस जालना. आग्नेयेस बीदर, जेथे अमेरिकन मेथडिस्टांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाय रोवले. पूर्वेला तेलुगू मुलूख आणि मेदकचे भव्य कॅथेड्रल, ज्याचे लोकार्पण १९२४ च्या नाताळात झाले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी यांच्या संगमावरचा हा प्रदेश आहे.

२२/ आणि या मातीचा कान आधीच तयार होता. नांदेडला हुजूर साहिबमध्ये शीख कीर्तन. ज्या गुरू ग्रंथ साहिबातून ते गायले जाते, त्यात संत नामदेवांचीही पदे आहेत. उमरीजवळच्या गोरट्याला कीर्तनकार दासगणू महाराजांचा मठ. गावोगावी वारकऱ्यांची दिंडी, लिंगायतांचे शिवभजन, दर्ग्यातील कव्वाली. येथे ईश्वराला गाऊनच हाक मारतात. ख्रिस्ती भजन हा त्याच पंगतीत बसलेला आणखी एक पाहुणा.

२३/ एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. हलगी आणि सनई ही मांग समाजाची पिढीजात कला. मग हलगी चर्चमध्ये फारशी का दिसत नाही? ती कला होती, तशीच ती सक्तीची गावकीही होती : लग्नात, मिरवणुकीत, मर्तिकात बोलावतील तेव्हा वाजवायचे आणि उंबऱ्याबाहेर थांबायचे. गावकी सोडणाऱ्याने तिच्यासोबत वाद्यही खाली ठेवले असेल, तर त्याची वेदना समजून घेतली पाहिजे. आपण ज्याला लोककला म्हणून गौरवतो, ते कुणासाठी जोखडही असू शकते.

२४/ याच्या समांतर दुसरी धारा वाहत होती. सत्यशोधक जलसा, त्यातून आंबेडकरी जलसा, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध-भीमगीते. माजलगावच्या भीमनगरमधील स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायलेल्या जात्यावरच्या ओव्या संशोधकांनी ध्वनिमुद्रित केल्या आहेत. ख्रिस्ती कीर्तन आणि भीमगीत यांचे विचार वेगळे, पण एक गोष्ट समान : ज्यांना शास्त्र वाचण्याचा अधिकार नव्हता, त्यांनी आपले म्हणणे गाण्यातून मांडले.

२५/ म्हणून 'परका धर्म, परके संगीत' हे समीकरण इतिहासाला मान्य होत नाही. 'जुने ते सारे त्याज्य' हेही नाही. ओवी गोव्यातील पाद्र्याची झाली, अभंग टिळकांचा झाला, पेटी वारकऱ्यांची झाली. छंद आणि सूर कुणा एकाच्या मालकीचे राहत नाहीत. मात्र ते कुणी, कोणत्या परिस्थितीत उचलले, हे विचारल्याशिवाय त्यांचा इतिहास पुरा होत नाही.

२६/ आज अनेक चर्चमध्ये कीबोर्ड, गिटार, ड्रम आले आहेत. गीते हिंदी-इंग्रजी वळणाची झाली आहेत. त्यात गैर काही नाही. कंट्री संगीतही असेच बदलत गेले. पण छापील संग्रहात गीताचे शब्द उरतात, चाल उरत नाही. चाल गाणाऱ्याच्या गळ्यात असते आणि त्याच्याबरोबरच जाते. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या छापील प्रती गेल्या, तरी हातांनी उतरवलेल्या प्रतींनी ग्रंथ वाचवला. चालीची प्रत मात्र कुणी उतरवून घेतली तरच उरते.

२७/ तेव्हा मित्रहो, नांदेड, लातूर, जालना, उदगीर, देगलूर, कुठेही तुमच्या ओळखीत जुने ख्रिस्ती भजन वा कीर्तन गाणारे आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या परवानगीने आवाज टिपून ठेवा. गाणाऱ्याचे गाव, वर्ष आणि चाल कुणाकडून शिकली, एवढे सोबत लिहा. भजनांची वही असेल तर तिची छायाचित्रे घ्या. इतिहासाचे साधन प्रत्येक वेळी ताम्रपटच असते असे नाही. धागा समाप्त.